मूठभर शिबंदी आणि भलेमोठे किल्ले : एडवर्डच्या वेल्समध्ये

तटबंदी

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं १२८४ मध्ये कॉनवीच्या किल्ल्याला शिबंदी नेमून दिली ती ३० माणसांची. त्यांत १५ क्रॉसबोवाले, एक पाद्री, एक सुतार, एक लोहार, एक गवंडी, शस्त्रांची देखभाल करणारा एक कारागीर आणि उरलेले पहारेकरी, दरवान वगैरे. किल्ल्याला ८ बुरूज. त्याला लागून असलेल्या गावाच्या कोटाला आणखी २१ बुरूज आणि कोटाची लांबी सव्वा किलोमीटरच्या वर. बाहेर नुकताच जिंकलेला, आतून धुमसणारा मुलूख.

मध्ययुगीन युरोपातले किल्ले समजून घ्यायचे असतील तर हा ३० चा आकडा आधी पक्का लक्षात ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. थोड्या माणसांनी पुष्कळ माणसांच्या उरावर वर्षानुवर्षं बसायचं, आणि तेही रोजच्या रोज न लढता, यासाठी किल्ला होता. त्याची रचना जसजशी बदलत गेली तिच्यामागे हाच हिशोब दिसतो. म्हणून हा धागा.

सुरुवात थोडी मागून करतो. नवव्या शतकात शार्लमेनच्या वंशजांचं राज्य खिळखिळं झालं, व्हायकिंगांच्या धाडी सुरू होत्या, आणि ज्याच्या हातात चार घोडेस्वार तो आपापलं कुंपण घालून बसू लागला. ८६४ मध्ये टकल्या चार्ल्स राजानं फर्मान काढलं की परवानगीशिवाय बांधलेल्या सगळ्या गढ्या १ ऑगस्टच्या आत पाडून टाका. पुढच्या दोन शतकांत फ्रान्सभर ज्या संख्येनं किल्ले उगवले ते पाहता त्या फर्मानाला कुणी फारशी भीक घातली नाही. किल्ला बांधायचा हक्क कुणाचा, राजाचा की स्थानिक सरदाराचा, हा झगडा पुढची पाचशे वर्षं चालला.

या पहिल्या पिढीतले बरेचसे किल्ले माती आणि लाकडाचे. खंदक खणायचा, निघालेल्या मातीचा उंचवटा रचायचा (त्याला मॉट म्हणत), वर लाकडी मनोरा, पायथ्याशी कुंपण घातलेलं आवार. आवारात तबेला, स्वयंपाकघर, कोठार. गवंडी लागत नाही, चुना लागत नाही, फावडी आणि वेठीला धरलेली माणसं पुरतात. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडात उतरला तेव्हा त्यानं लढाईच्या आधीच हेस्टिंग्जला असा मॉट रचायला घेतला. बायोच्या पटावर तो प्रसंग भरतकामात आहे, फावडी चालवणाऱ्या माणसांसकट. १०६९ मध्ये यॉर्क उठलं, तेव्हा राजा तिथं आठ दिवस थांबला आणि दुसरा किल्ला उभा करूनच हलला. लिंकनमध्ये किल्ल्याला जागा करायला १६६ घरं पाडली गेली. हा आकडा विल्यमच्याच अधिकाऱ्यांनी १०८६ च्या डोम्सडे पाहणीत नोंदवला आहे. नॉर्मन बाजूचाच एक इतिहासकार ऑर्डरिक व्हिटॅलिस लिहून गेलाय की इंग्रज शूर होते, पण त्यांच्याकडे किल्ले फार थोडे, म्हणून ते शत्रूपुढे दुबळे पडले.

मग दगड आला. लंडनचा व्हाइट टॉवर १०७८ च्या सुमारास सुरू झाला, केंटमधला रॉचेस्टरचा मनोरा ११२७ नंतर. रॉचेस्टरवर जरा रेंगाळतो, कारण पुढच्या बदलाचं कारण तिथं डोळ्यांनी दिसतं.

१२१५ च्या ऑक्टोबरात जॉन राजानं रॉचेस्टरला वेढा घातला. आत त्याच्याविरुद्ध उठलेले सरदार होते. मनोरा चौकोनी, सुमारे ३५ मीटर उंच, भिंती जबरदस्त जाड. दगडफेकी यंत्रांनी काम भागेना म्हणून त्यानं सुरुंग खणायला लावला. हा दारूचा सुरुंग नव्हे. भिंतीच्या पायाखाली बोगदा खणायचा, वरचा भार लाकडी टेकूंवर तोलायचा, बोगद्यात सरपण भरायचं आणि पेटवून द्यायचं. टेकू जळाले की भिंत खाली बसते. २५ नोव्हेंबरला जॉननं न्यायाधिकारी ह्यूबर्ट द बर्गला हुकूम पाठवला तो आजही दप्तरात आहे : खाण्याच्या फारशा लायकीची नसलेली, पण भरपूर चरबीची ४० डुकरं रात्रंदिवस एक करून पाठव, मनोऱ्याखाली आग लावायची आहे. दक्षिण-पूर्वेचा कोपरा कोसळला. तरी आतले लोक शरण आले नाहीत. मनोऱ्याच्या मधोमध एक आडवी भिंत होती, तिच्यामागे सरकले आणि तिथून लढत राहिले. शेवटी उपासमारीनं हात टेकले. पुढं तो कोपरा पुन्हा बांधला तेव्हा गोल बांधला. आज तुम्ही गेलात तर तीन कोपरे चौकोनी आणि एक गोल असा तो मनोरा उभा आहे.

चौकोनी कोपऱ्याचे दोष दोन. तो खणून पाडायला सोपा, आणि त्याच्या अगदी पुढ्यात जो माणूस उभा आहे तो दोन्ही बाजूंच्या जंग्यांतून दिसत नाही. गोल बुरूज तटाच्या बाहेर काढला की दोन बुरुजांतला तट दोन्हीकडून माऱ्यात येतो, म्हणजे थोड्या धनुर्धरांत जास्त लांबी राखता येते. पुन्हा तोच हिशोब.

तेराव्या शतकात मधल्या मनोऱ्याचं महत्त्व उतरलं आणि सगळं बळ बाहेरच्या तटात आणि दरवाजात गेलं. दरवाजा हाच किल्ल्याचा सगळ्यात कच्चा भाग, म्हणून तोच सगळ्यात बळकट करून टाकला. कार्नार्वनच्या राजदरवाजाचा जो आराखडा होता त्याप्रमाणे आत यायला पाच दारं ओलांडावी लागली असती आणि वरून खाली सोडायच्या सहा जाळीदार फाटकांखालून जावं लागलं असतं. वर छतात भोकं, बाजूला जंग्या. चार माणसं पाच दारं लावून किती वेळ काढू शकतील याचा विचार करा.

आता वेल्स. उत्तर वेल्समधल्या ग्विनेथचा राजपुत्र लवेलिन आणि एडवर्ड यांच्यात १२७७ आणि १२८२-८३ अशी दोन युद्धं झाली. डिसेंबर १२८२ मध्ये लवेलिन मारला गेला. एडवर्डनं फ्लिंट आणि रिदलान पहिल्या युद्धातच सुरू केले होते. १२८३ पासून कॉनवी, हार्लेख, कार्नार्वन, आणि १२९५ पासून अँगलसी बेटावर बोमॅरिस. नकाशावर पाहिलं तर हे सगळे पाण्याला लागून आहेत, गलबत थेट किल्ल्यापर्यंत यावं अशा बेतानं. रिदलान थोडा आत होता, तर क्लुइड नदीचं पात्र तीनेक किलोमीटर खणून सरळ करून घेतलं. वेल्श लोकांकडे आरमार नव्हतं. डोंगरवाटा त्यांच्या, समुद्र एडवर्डचा.

या बेताची परीक्षा १२९४ मध्ये झाली. मॅडॉग ॲप लवेलिनच्या नेतृत्वाखाली उत्तर वेल्स पेटलं. कार्नार्वनच्या किल्ल्याची गावाकडची बाजू तेव्हा अर्धवट होती. बंडखोर गावकोट ओलांडून आत घुसले, शेरीफला मारलं, जाळपोळ केली. खुद्द एडवर्ड त्या हिवाळ्यात कॉनवीत अडकला, नदीला पूर आणि रसद तुटलेली. पण हार्लेख ३७ माणसांनी टिकवला, कारण आयर्लंडहून समुद्रमार्गे धान्य येत राहिलं. सदतीस!

तुमची मतं वाचायला आवडतील. विशेषतः कुणी तिकडे राहत असेल किंवा जाऊन आलं असेल तर जरूर लिहा.

रानवाट

सुंदर लेख. डुकरांचा हुकूम पहिल्यांदाच वाचला.

एक शंका. सह्याद्रीत भटकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो की हे लोक उंच डोंगरावर का गेले नाहीत? वेल्समध्ये स्नोडोनियासारखे डोंगर आहेत की. हार्लेख सोडला तर यातला एकही किल्ला धड उंचावर दिसत नाही. आपल्याकडे अर्धं काम कडाच करतो.

तटबंदी

रानवाट, प्रश्न अगदी नेमका आहे. डोंगरावर किल्ले होतेच, पण ते वेल्श राजपुत्रांचे. डॉलविदेलन, डॉलबादर्न, कास्टेल इ बेरे, हे सगळे आतल्या खिंडींवर नजर ठेवणारे. ज्याची भोवतालची रयत आपली आहे त्याला आत शिरून बसणं परवडतं, गाव त्याला धान्य पोचवतं. एडवर्डची भोवतालची रयत शत्रू होती. आतल्या खिंडीत किल्ला बांधला तर पहिल्याच उठावात त्याची रसद कापली गेली असती. म्हणून उंची सोडली आणि पाणी धरलं. हार्लेखचा कडा मोठा आहे, पण कड्याच्या पायथ्यापासून किल्ल्यापर्यंत तटबंद पायऱ्या आहेत, त्या थेट तेव्हाच्या समुद्रापर्यंत जायच्या. खरा जीव त्या पायऱ्यांत.

दुसरं असं की नदीचा उतार, पूल, बाजारपेठ, बंदर यांच्यावर बसल्याशिवाय जकात मिळत नाही आणि न्यायकचेरीही चालत नाही. १२८४ च्या रिदलानच्या कायद्यानं उत्तर वेल्समध्ये इंग्रजी पद्धतीचे परगणे आणि शेरीफ आले. त्यांची दप्तरं, तुरुंग, खजिना किल्ल्यात.

चिरेबंदी

बांधकामाच्या बाजूनं थोडी भर घालतो, माझा रोजचा विषय आहे.

एडवर्डचा मुख्य स्थपती मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज. हा सॅव्हॉयचा, म्हणजे आल्प्सच्या परिसरातला. १२८४ पासून त्याला दिवसाला तीन शिलिंग असं तहहयात वेतन बांधून दिलं होतं. त्या काळी साध्या मजुराला दिवसाला जेमतेम एक-दोन पेनी मिळत आणि शिलिंगात पेनी बारा, यावरून त्याचा मान कळावा. वेल्समधल्या काही बुरुजांवर बाहेरून पाहिलं तर छोट्या चौकोनी भोकांची रांग मळसूत्रासारखी तिरकी वर चढत जाते. ती परांचीच्या वाशांची भोकं. सरळ आडवे मजले न बांधता बुरुजाभोवती उताराची परांची चढवत नेली की दगड ओढत वर नेता येतो. अशीच भोकं सॅव्हॉयकडच्या किल्ल्यांवर दिसतात. कारागीर कुठून आले हे भिंतीच सांगतात.

बांधकाम चालायचं साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. चुन्याचा गारा थंडीत गोठला की फुटतो, म्हणून हिवाळ्यात अर्धवट भिंतींचे माथे गवतानं, शेणखतानं झाकून ठेवत. कॉनवी १२८३ ते १२८७ एवढ्या काळात उभा राहिला तो अशा मोजक्या हंगामांत.

आणि बोमॅरिसचं ते पत्र कुणी वाचलं नसेल तर सांगतो. २७ फेब्रुवारी १२९६ ला मास्टर जेम्स आणि वॉल्टर ऑफ विंचेस्टर या दोघांनी राजाच्या खजिन्याला लिहिलं आहे. मतितार्थ असा : आठवड्याला एवढा पैसा कुठं जातो याचं आपल्याला नवल वाटत असेल, तर कळवतो की आम्हाला ४०० गवंडी, २००० मजूर, १०० बैलगाड्या, ६० मालगाड्या, दगड आणि कोळसा आणणाऱ्या ३० होड्या, २०० खाणकामगार, शिवाय ३० लोहार आणि सुतार लागले आहेत, आणि पुढेही लागतील. माणसांची मजुरी थकली आहे, खायला नसल्यामुळे त्यांना थोपवून धरणं जड जातंय. आठवड्याला २५० पौंड हवेत. सातशे वर्षांपूर्वीचं हे पत्र वाचताना साइटवर बिल अडकलेला प्रत्येक माणूस मान डोलावेल.

बोमॅरिस शेवटपर्यंत पुरा झाला नाही. बुरूज ठरलेल्या उंचीला पोचलेच नाहीत.

सावली_३१

वाचतेय. प्रतिसादही लेखाच्या तोडीचे.

उंबरठा

तटबंदी, लेख आवडला, पण तुमच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. वेल्सचं उदाहरण घेतलं की किल्ला म्हणजे लष्करी ठाणं हे सिद्ध करणं सोपं जातं. पण युरोपातल्या बहुसंख्य किल्ल्यांना वेढा पडलाच नाही. ते घर होतं. सरदाराचं कुटुंब, मुलं, दाया, कारकून, शिकारी कुत्रे, सगळा बारदाना. दिवाणखान्यात जेवणं, तंटे आणि निवाडे एकाच छपराखाली. सरदाराच्या मालकीची अनेक ठाणी असत आणि एका जागचं धान्य संपलं की कुटुंब पुढच्या ठाण्यावर हलायचं, पडदे, पलंग, भांडी गाड्यांत भरून.

आणि घर म्हटलं की बायका आल्या, त्यांच्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहते. लिंकनच्या निकोला द ला हे हिला किल्लेदारी बापाकडून वारशानं मिळाली होती. ११९१ मध्ये तिनं वेढा परतवला. १२१६ मध्ये जॉन राजानं तिला परगण्याची शेरीफ नेमलं, आणि १२१७ मध्ये, साठी उलटलेली असताना, तिनं फ्रेंच आणि बंडखोरांच्या वेढ्यात लिंकन पुन्हा लढवला. त्या वर्षी २० मेला बाहेरून कुमक आली आणि लिंकनची लढाई जिंकली गेली. किल्ला तोवर पडला असता तर इंग्लंडच्या गादीवर कदाचित फ्रान्सचा लुई बसला असता. स्कॉटलंडच्या डनबारला १३३८ मध्ये काउंटेस ॲग्नेसनं पाच महिने इंग्रजांना झुंजवलं. गोळे आदळले की तिच्या दासी तटावर येऊन फडक्यानं धूळ झटकत, असं सांगतात.

नवरे दरबारात किंवा मोहिमेवर असत. मागे किल्ला सांभाळायचा तो बायकांनी. रोजचं धान्य, मीठ, मेणबत्त्या, पगार, पाहुणे हे सगळं पाहणारी बाई वेढ्यातही तेच पाहते, फक्त दरवाजा बंद असतो.

तटबंदी

उंबरठाताई, निकोलाचा उल्लेख केलात, फार बरं वाटलं. तिच्यावर स्वतंत्र धागा व्हावा, आणि तो तुम्हीच काढावा अशी विनंती.

घराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. बॉडियमसारखा किल्ला पाहा. १३८५ मध्ये फ्रेंच हल्ल्याची भीती दाखवून सर एडवर्ड डॅलिनग्रिजनं राजाकडून तटबंदीचा परवाना घेतला, आणि बांधला तो पाण्यात प्रतिबिंब पडेल असा देखणा वाडा. त्याचा खंदक खरंच संरक्षणासाठी होता की रुबाबासाठी, यावर अभ्यासक अजून भांडतात. मात्र रुबाब हेही राज्य करण्याचं साधन आहे असं मला वाटतं. कार्नार्वनच्या भिंतीत वेगवेगळ्या रंगांच्या दगडांचे पट्टे आहेत आणि बुरूज बहुकोनी आहेत, कॉन्स्टँटिनोपलच्या तटाची आठवण यावी असे. संरक्षणाला त्या पट्ट्यांचा काडीचा उपयोग नाही. ते बघणाऱ्यासाठी आहेत. बघून माणूस उठावाचा विचार सोडून देईल तर तीस माणसं पुरतात. म्हणजे घर आणि रुबाब धरूनही माझा हिशोब कायम राहतो!

उंबरठा

तुमचा हिशोब वेल्सला लागू पडतो, बॉडियमला नाही. बॉडियमच्या भोवती कोण उठणार होतं? त्याच्या प्रजेची भाषा तीच, धर्म तोच. धागा मात्र जरूर काढते.

तटबंदी

बॉडियम बांधायच्या चारच वर्षं आधी, १३८१ मध्ये, शेजारच्या केंटमधून शेतकऱ्यांचा उठाव लंडनपर्यंत पोचला होता आणि जमाव टॉवर ऑफ लंडनमध्ये शिरून कँटरबरीच्या आर्चबिशपला बाहेर ओढून मारून गेला. ते प्रत्येक सरदाराच्या डोक्यात असणारच. पण याहून पुढे मी ताणत नाही, तुमच्या धाग्यावर बोलू.

मोजपट्टी

गोल जिना उजवीकडे वळत चढतो म्हणजे वरून उतरणाऱ्या रक्षकाचा तलवारीचा हात मोकळा राहतो, हे प्रत्येक गाइड सांगतो. त्यात कितपत तथ्य आहे?

आणि उकळत्या तेलाचं काय?

तटबंदी

जिन्याची ही उपपत्ती मध्ययुगातल्या कुठल्याच लिखाणात मिळत नाही, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पसरली. उलटे वळणारे जिनेही भरपूर आहेत, अगदी कार्नार्वनमध्येसुद्धा. शिवाय शत्रू जिन्यापर्यंत पोचला याचा अर्थ किल्ला गेल्यातच जमा.

तेल महाग. दरवाजावरच्या भोकांतून दगड, गरम पाणी, तापलेली वाळू टाकत. त्याच भोकांतून पाणी ओतून दरवाजाला लावलेली आग विझवणं हाही त्यांचा एक महत्त्वाचा उपयोग.

वेढ्यात माणसं मरत ती भुकेनं आणि रोगानं. रिचर्ड राजानं नॉर्मंडीत ११९६ ते ११९८ मध्ये बांधलेला शातो गायार घ्या. १२०३ मध्ये फ्रान्सच्या फिलिपनं वेढा घातला तेव्हा खालच्या गावातले शेकडो लोक आत आश्रयाला आले. किल्लेदार रॉजर द लेसीनं धान्य वाचवायला त्यांना बाहेर काढलं. पहिल्या टोळ्यांना फ्रेंचांनी जाऊ दिलं, नंतर वाट अडवली. ते लोक किल्ला आणि वेढा यांच्या मधल्या मोकळ्या उतारावर भर हिवाळ्यात उघड्यावर पडले, झाडपाला खाऊन जगले, कित्येक मेले. शेवटी फिलिपनं त्यांना खायला घालून सोडलं. किल्ला मार्च १२०४ मध्ये पडला. हिशोबी शिबंदीची ही काळी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय किल्ल्यांचं कौतुक करू नये.

दर्याभवानी

वसईची आहे, म्हणून दारूगोळ्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

उंच, सरळसोट भिंत ही तोफेला आयतं लक्ष्य. १४६४ मध्ये बँबराचा किल्ला तोफांनी पाडला गेला, इंग्लंडात असं पडलेला तो पहिला किल्ला मानतात. फ्रान्सच्या राजानं १४४९-५० मध्ये इंग्रजांची नॉर्मंडीतली ठाणी एकामागून एक तोफा लावून रिकामी केली. मग इटलीत नवी तऱ्हा निघाली : बुटके, जाड, मातीनं भरलेले तट आणि बाणाच्या टोकासारखे कोनी बुरूज, जेणेकरून प्रत्येक भिंतीवर शेजारच्या बुरुजावरून तोफ चालवता यावी. तटबंदी यांनी गोल बुरुजाचं जे कारण सांगितलं, त्याचीच पुढची पायरी. हीच तऱ्हा पोर्तुगीजांबरोबर आमच्याकडे आली. वसईच्या कोटाचे कोनी बुरूज आजही पाहता येतात.

आणि हा कोट चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये घेतला तो कसा? सान सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग लावून. लाकडी टेकू आणि डुकराच्या चरबीच्या जागी दारू आली, पण युक्ती रॉचेस्टरचीच : वरून फोडता येत नसेल तर पायाखालून जा.

रानवाट

दर्याभवानी, काय सुरेख जोडलंत! पुढच्या वेळी त्या बुरुजाकडे वेगळ्या नजरेनं बघणार.

चिरेबंदी

हे बांधकाम प्रत्यक्ष पाहायचं असेल तर फ्रान्समध्ये बर्गंडीत गेदलॉं नावाची जागा आहे. १९९७ पासून तिथं तेराव्या शतकातल्या पद्धतीनं नवा किल्ला बांधताहेत. दगड तिथल्याच खाणीतला, खिळे तिथंच तयार होतात. माणूस आत चालून फिरवतो असं मोठं लाकडी चाक लावून दगड वर चढवतात. नोत्र दामच्या आगीनंतर छताचं लाकूडकाम पुन्हा करायला जे सुतार लागले, त्यांत इथं हात बसलेले काही जण होते. पुस्तकातून न सुटणारे प्रश्न तिथं सुटतात.

पल्याडची

मी कार्डिफला राहते, तेव्हा तिकडची खबर देते.

कॉनवीच्या गावकोटावर एका जागी एका ओळीत बारा शौचकूप आहेत, तटाबाहेर काढलेले, दगडी. राजाच्या कचेरीतल्या माणसांसाठी बांधले होते म्हणे. खालून पाहिलं की पहिल्यांदा कळतच नाही हे काय आहे. मुलांना सगळ्या किल्ल्यात हेच आवडतं. हार्लेखच्या त्या पायऱ्या उतरून गेलात तर खाली समुद्र नाही, तो बराच मागे हटलाय. रेल्वे, घरं आणि वाळूच्या टेकड्या लागतात. तटबंदी यांनी लिहिलेला रसदीचा मुद्दा माहीत नसेल तर त्या पायऱ्या तिथं का आहेत हे उमगत नाही.

एक सांगायचं राहिलं ते कोटाच्या आतल्या गावांचं. कॉनवी आणि कार्नार्वन ही गावं इंग्रज वसाहतवाल्यांसाठी होती. वेल्श लोकांना तिथं नागरिक म्हणून राहता येत नसे, व्यापार मात्र त्याच बाजारात करायचा. कॉनवीच्या जागी आधी मठ होता, तिथं थोरल्या लवेलिनला, म्हणजे १२८२ मध्ये मारल्या गेलेल्या लवेलिनच्या आजोबाला, पुरलं होतं. एडवर्डनं तो मठ उठवून नदीच्या वरच्या अंगाला हलवला आणि त्या जागेवर गाव उभारलं. हा अपमान समजून उमजून केलेला होता.

रानवाट

मग आज वेल्श लोकांना या किल्ल्यांबद्दल काय वाटतं? आपले म्हणतात की परके?

पल्याडची

दोन्ही. अठराव्या शतकातल्या टॉमस पेनंट या वेल्श लेखकानं कार्नार्वनला आमच्या गुलामीची सर्वांत भव्य खूण अशा अर्थाचं म्हटलंय. २०१७ मध्ये फ्लिंटच्या किल्ल्याजवळ एक प्रचंड लोखंडी कडं उभारायचं ठरलं. एडवर्डच्या या किल्ल्यांच्या साखळीला लोखंडी कडं म्हणायचा प्रघात आहे, त्यावरून ही कल्पना. लोक खवळले, सह्यांची मोहीम झाली, आणि काही आठवड्यांतच ती योजना गुंडाळावी लागली. मला तो विरोध रास्त वाटला. किल्ला जपणं वेगळं आणि जिंकणाऱ्याचं नवं स्मारक उभारणं वेगळं.

दुसरीकडे किल्ल्यांची देखभाल काडू ही वेल्श सरकारचीच संस्था करते, आणि १९८६ पासून त्यांतले चार जागतिक वारशात आहेत. कार्नार्वनमध्ये आज दुकानात, बसस्टॉपवर वेल्श ऐकू येते. बहुतेक गाव वेल्श बोलतं.

तटबंदी

पल्याडची, हे तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं.

मघाशी शिबंदीच्या जमेची बाजू लिहिली, तर तिची उणी बाजूही इथंच नोंदवतो. १ एप्रिल १४०१, गुड फ्रायडे. कॉनवीची शिबंदी गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेलेली, किल्ल्यात दोघे पहारेकरी. सुतारकामाला आलोय असं सांगून वेल्श बंडवाले आत शिरले, पहारेकऱ्यांना मारलं आणि किल्ला घेतला. ओवेन ग्लिनडूरच्या उठावातला हा प्रसंग, आणि करणारे ॲंगलसीचे ट्यूडर बंधू, ज्यांच्या घराण्यातून पुढं सातवा हेन्री इंग्लंडचा राजा झाला. हार्लेख १४०४ मध्ये पडला, कारण ग्लिनडूरच्या मदतीला फ्रेंच जहाजं होती आणि समुद्र इंग्रजांच्या हातात राहिला नव्हता.

खर्चाचं विचारायचं कुणी बाकी ठेवलंय, ते सांगतो. १२७७ पासूनच्या पाव शतकात वेल्समधल्या किल्ल्यांवर सुमारे ८०,००० पौंड गेले, राजाच्या नेहमीच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त. लुक्का शहरातल्या रिकार्डी सावकारांनी त्यातला मोठा भार उचलला आणि १२९४ मध्ये त्यांची पेढी बसली. मग स्कॉटलंडचं युद्ध उभं राहिलं आणि बोमॅरिसचा पैसा तिकडं वळला. त्या २५० पौंडांच्या पत्राचं पुढं काय झालं याचं उत्तर हे आहे.

मोजपट्टी

पुढच्या वर्षी लेकीकडे मँचेस्टरला जाणार आहे. एकच किल्ला बघता येणार असेल तर कुठला बघावा?

पल्याडची

काका, मँचेस्टरहून कॉनवी सोयीचं. रेल्वे थेट किल्ल्याच्या भिंतीला लागून जाते आणि गावकोटावरून बराचसा फेरा चालत मारता येतो. गुडघे कुरकुरत असतील तर बुरुजांचे जिने सोडा, कोटावरूनही सगळं दिसतं. वारा फार असतो, कानटोपी ठेवा.

तटबंदी

दोन दिवस मिळाले तर बोमॅरिसही बघा, तिथं फारशी चढण नाही. एकात एक दोन तट, बाहेर पाण्याचा खंदक आणि समुद्राच्या बाजूला गलबत लावायचा छोटा धक्का, सगळं एका नजरेत येतं. आतल्या बुरुजांचे माथे कुठं थांबलेत तेवढं नीट बघा आणि फोटो इथंच टाका.